जाहिरात लागली की उघडते

थोरल्या बाईंनी किल्ली आपल्या सुनेच्या, म्हणजे मधल्या बाईंच्या हाती दिली, मधल्या बाईंनी त्यांच्या सुनेच्या, म्हणजे धाकट्या बाईंच्या, आणि धाकट्या बाईंनी ती आपल्या सुनेच्या, म्हणजे माईंच्या. कुलुपे घडवणाऱ्या या घराण्यात दुकानाच्या पाटीवर नावे पुरुषांची लागत. पण घर कोणाच्या नावाने चालते हे जाणून घ्यायचे, तर किल्ली कोणाच्या कमरेला आहे तेवढे पाहावे लागे.

त्याचे मूळ असे, की थोरल्या बाईंच्या यजमानांनी आपल्या आयुष्यातले सर्वोत्तम कुलूप घडवले, ते घरातल्या पुढच्या खोलीच्या दाराला बसवले, आणि ही वार्ता मित्रमंडळींत सांगून परतायला अंमळ उशीर केला. तोवर दार लागले होते. "अगं, कुलूप मी केलंय," ते बोळातून म्हणाले. "किल्ली माझ्याकडे आहे," थोरल्या बाई आतून म्हणाल्या. यजमान बोळातल्या लाकडी बाकावर आडवे झाले आणि घराण्याचा नियम जन्माला आला : पुरुषांनी कुलूप घडवावे, बायकांनी किल्ली सांभाळावी.

बायकांनी ती सांभाळलीही. मधल्या बाई किल्ली उशाखाली घेऊन निजत, त्यामुळे त्यांच्या उजव्या गालावर तिच्या दात्यांची नक्षी कायमची उमटली होती. धाकट्या बाई शेवटच्या दुखण्यात नवऱ्याला डॉक्टर आणि डॉक्टरांना नवरा समजू लागल्या, पण किल्ली मात्र त्यांनी बरोबर ओळखली. आणि माई? त्यांच्याविषयी एवढे सांगितले तरी पुरे, की किल्ली त्यांच्या कमरेला आल्यापासून त्या घरातले काही हरवले नाही, आणि त्यांच्या परवानगीवाचून काही सापडलेही नाही.

त्या कुलपाला एक खोड होती. दार ओढले की ते आपसूक बसे; पण उघडायला मात्र आतून काय, बाहेरून काय, किल्ली लागे. आणि नुसत्या किल्लीचेही ते ऐकत नसे. आधी काय फिरवायचे, कुठे हात द्यायचा, कुठे गुडघा टेकायचा, ही मेख किल्ली देतानाच सासूने सुनेच्या कानात सांगायची असा दंडक होता. म्हणून माई दार उघडायला निघाल्या की घरातली माणसे निमूटपणे भिंतीकडे तोंड करून उभी राहत. माईंचे यजमान, ज्यांना सारे अण्णा म्हणत, ते राहत, सूनबाई राहत, कचेरीत दहा माणसांवर हुकमत गाजवणारी नात राहत असे. एकदा विजेचे मीटर पाहायला आलेला गृहस्थही राहिला होता, आणि जाताना त्याने माईंना वाकून नमस्कार केला होता.

अशा या माईंनी आयुष्यात फक्त एका गोष्टीची वाट पाहिली. बाकीच्या गोष्टी त्यांची वाट पाहत.

ती गोष्ट म्हणजे 'ध्रुवापलीकडे' ही मालिका. सासू-सुनांच्या मालिका माई पाहत नसत. तो विषय त्यांना घरी विनामूल्य उपलब्ध होता. पण एक यान, अंतराळाची अथांग पोकळी, आणि यानात एकच माणूस हुकूम सोडणारा व बाकीचे सगळे 'होय, कप्तान' म्हणणारे, ही समाजरचना त्यांना पहिल्या भागापासून पटली होती. आणि मग, तीस-एक वर्षांपूर्वी, त्या मालिकेचा शेवटचा भाग लागला. कप्तान यानाच्या बाहेरच्या कोठडीत अडकले. मधले पोलादी दार बंद. दाराच्या या बाजूला यंत्रज्ञ उभा, त्याचा हात कळीवर, त्याच्या कपाळावर घाम. हात हलला. आणि पडदा काळा झाला! पुढच्या आठवड्यात पाहू म्हणून माणसे उठली, आणि मधल्या मधे ती कंपनीच बुडाली. जुन्या फिती गोदामात भिजून गेल्या असे वर्तमानपत्रात आले. कप्तान दाराआड ते दाराआडच राहिले. माईंची मुले शिकली, लग्ने झाली, नात नोकरीला लागली, कप्तान दाराआड.

आता मालिका पुन्हा सुरू होणार होती. कप्तानही तेच, यंत्रज्ञही तोच. दोघांचे केस पिकले होते, पण पोलादी दार नवे करकरीत दिसत होते. रस्त्याच्या कोपऱ्यावर मोठे चित्र लागले : 'दार उघडणार!' खाली लिहिले होते, की पहिला भाग अखंड, एकाही जाहिरातीविना दाखवला जाईल, आणि त्याचे पुनःप्रक्षेपण थेट पुढच्या आठवड्यात, दुसऱ्या भागाच्या आधी. आरंभी जुन्या शेवटच्या भागातला वाचलेला एक मिनिटाचा तुकडाही दाखवणार होते. माईंनी ते चित्र जाता-येता वाचले आणि भाजीवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत ज्याला त्याला ऐकवले. एकही जाहिरात नाही, हे त्या अशा थाटात सांगत की जणू कंपनीला तशी समज त्यांनीच दिली होती.

दार कसे उघडणार, याविषयी माईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कुलुपांच्या घराण्यात त्या उगाच नांदल्या नव्हत्या. कप्तान स्वतःच उघडणार. यंत्रज्ञाने नुसते उभे राहायचे. ज्याच्याकडे अधिकार, त्याच्याकडे मेख.

या मताला विरोध करणारी व्यक्ती जगात एकच होती : माईंच्या नणंदबाई, म्हणजे वन्सं.

वन्सं टेलिफोन केंद्रातून निवृत्त झाल्या होत्या. 'कृपया प्रतीक्षा करा' हे वाक्य त्यांनी नोकरीभर इतक्या मधाळ आवाजात म्हटले होते, की माणसे रागवायचे विसरत. त्यांचे म्हणणे, दार बाहेरूनच उघडावे लागणार. आत अडकलेल्याचा अधिकार कोठडीपुरता. पण वन्सांच्या मताला माई किंमत देत नसत, कारण वन्सांनी तो शेवटचा भाग पाहिलाच नव्हता. आणि त्यांनी तो का पाहिला नव्हता, हा घरातला जुना, उघडा आणि जगजाहीर विषय होता.

त्या वेळी वन्सं चार दिवस माहेरी आल्या होत्या. किल्ली माईंच्या कमरेला नुकतीच आली होती आणि नव्या नवरीच्या दागिन्यासारखी कारणाविना वाजत होती. शेवटचा भाग सुरू असताना माई म्हणाल्या, वन्सं, दूध ठेवलंय, उतू जाईल, जरा बघता का. वन्सं उठल्या. त्या बोळात पोचतात तोच दार वाऱ्याने आपटले आणि कुलूप बसले. वन्सांनी हाक मारली. माईंची नजर यंत्रज्ञाच्या हातावर खिळलेली. त्या जागेवरूनच म्हणाल्या, "जाहिरात लागली की उघडते." जाहिरात लागली नाही. भाग संपला. दार उघडल्यावर वन्सांनी विचारले, काय झालं, तर माईंनी सांगितले, पुढच्या आठवड्यात मागचं दाखवतीलच. दाराशी थांबल्यामुळे दूधही उतू गेले होते आणि त्याबद्दल धाकट्या बाईंची बोलणी वन्सांनीच खाल्ली.

तेव्हापासून लग्न असो, बारसे असो, कोणी आजारी असो, वन्सं भेटल्या की एकदा तरी म्हणत, "माझा एक भाग वहिनींकडे येणं आहे." डोहाळजेवणातही म्हणत. अण्णांच्या शस्त्रक्रियेच्या आधी, त्यांना खाटेवरून आत नेत असताना म्हणाल्या होत्या.

माईंनी ठरवले, की हे ओझे एकदाचे उतरवून टाकायचे. त्यांनी वन्सांना स्वतः फोन करून बोलावले. माझ्या शेजारी बसा, वाचलेला तुकडाही बघा, नवा भागही बघा, म्हणजे हिशेब संपला, असे त्या उदारपणे म्हणाल्या.

"हिशेब मी करीन, वहिनी," वन्सं म्हणाल्या.

मुलगा दुकानाच्या कामासाठी परगावी गेला होता, त्यामुळे प्रेक्षक ठरले पाच : माई, अण्णा, सूनबाई, नात आणि वन्सं. माईंनी सकाळपासून मोहीम हाती घेतली. खुर्च्या कशा मांडायच्या, उशा कोणाला मिळायच्या, कोणी कुठे खोकायचे, सगळे ठरले. मधली आरामखुर्ची माईंची. सर्वांच्या फोनवर संध्याकाळच्या मुहूर्ताचा गजर लावण्याचा हुकूम सुटला, म्हणजे कोणी ऐन वेळी गाफील राहायला नको. त्यानंतर दुसरा हुकूम सुटला, की खोलीत फोन आणायचा नाही. सगळे फोन पत्र्याच्या डब्यात घालून डबा स्वयंपाकघरात ठेवायचा. दोन्ही हुकूम आपापल्या जागी निर्दोष होते. ते एकमेकांना भेटतील, हे मात्र कोणी पाहिले नव्हते.

टीव्हीचा आवाज सभ्य घराला शोभेल इतका बारीक ठेवून माईंनी रिमोट स्वतःच्या स्वेटरच्या खिशात घातला. मग शेवटची ताकीद दिली. काही झाले तरी कोणी उठायचे नाही, बोलायचे नाही, दार उघडायचे नाही. शेजारचे आले, मुलगा अवचित परतला, घराला आग लागली, तरी भाग संपल्यावर पाहू. एवढे सांगून त्यांनी दार ओढले. कुलूप बसले. अण्णांनी समाधानाने मान डोलावली; पणजोबांच्या कुलपाचा तो आवाज त्यांना गाण्यासारखा वाटे.

पडद्यावर तारे दिसू लागले. 'ध्रुवापलीकडे' ही अक्षरे दुरून जवळ आली. वन्सांनी पदराने चष्मा पुसला. आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरात, पत्र्याच्या डब्यात, पाच फोनांचे पाच गजर एकदम सुरू झाले.

भांड्यांच्या दुकानात माकड शिरले तरी इतका गदारोळ होत नाही. नातीच्या फोनवर भोंगा, सूनबाईंच्या फोनवर चिमण्या, अण्णांच्या फोनवर कोंबडा, वन्सांच्या फोनवर जुन्या टेलिफोनची घंटा. आणि माईंच्या फोनवर माईंचाच आवाज, 'उठा, वेळ झाली,' जो नातीने त्यांच्याच आग्रहाने भरून ठेवला होता. सूनबाई अर्धवट उठल्या. माईंनी त्यांना नजरेने खाली बसवले. स्वतः घातलेला नियम मोडायचा अधिकार फक्त घालणाऱ्याला असतो. आत्ता तर नुसते शीर्षकगीत, मग मागचा तुकडा, तो तर मला तोंडपाठ. असा हिशेब करून त्या दाराशी गेल्या. मागची चारही माणसे सवयीने भिंतीकडे वळली. माईंनी मेख साधली, दार उघडले, आणि घाईघाईने बोळातून स्वयंपाकघरात गेल्या.

घाईत किल्ली आतल्या बाजूने कुलपातच राहिली.

स्वयंपाकघरात डबा कंप पावत ओट्याच्या कडेकडे सरकत निघाला होता. माईंनी तो झेलला. झाकण उघडेना, ते सकाळी त्यांनीच मुठीने ठोकून बसवले होते. शेवटी त्यांनी डबा जुन्या गोधडीत गुंडाळला, गोधडी पिठाच्या पिंपात कोंबली आणि पिंपावर झाकण ठेवले. आतून कोंबडा क्षीणपणे आरवत राहिला. एवढ्यात त्यांना आठवले, की भाग संपल्यावर चहा लागेल. स्वयंपाकघरात येऊन रिकाम्या हाताने परतणे त्यांना कधी जमलेच नव्हते. त्यांनी दूध मंद आचेवर ठेवले. फोडणीचा वास कोंडू नये म्हणून खिडकी सताड उघडी ठेवायला त्यांनीच सांगितले होते. त्या खिडकीतून वाऱ्याची एक खणखणीत झुळूक आली, माईंना ओलांडून बोळातून धावत गेली, आणि दार आपटले.

माई दाराशी पोचल्या. त्यांचा हात कमरेला गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा रिकामा परत आला.

 मग त्यांनी आवाजात कसलाही फरक पडू न देता हाक मारली.

"वन्सं, दार लागलंय."

 टीव्हीवर कोणीतरी पुटपुटत होते.

"कोण बोलतंय?"

"कोण म्हणजे? मी."

"असं होय," वन्सं म्हणाल्या. "जाहिरात लागली की उघडते, वहिनी."

माईंना राग आला नाही. खरे तर त्यांना वन्सांची कीवच आली. उघडते म्हणे! उघडणार कशी? किल्ली असेल आत, पण मेख तर इथे, या डोक्यात. आत चार माणसे अडकली आहेत आणि त्यांना कल्पनाही नाही, असा विचार करून त्या बोळातल्या बाकावर बसल्या. हा तोच बाक, ज्यावर थोरल्या बाईंच्या यजमानांनी एक रात्र काढली होती. माईंनी तो नेहमी विजयचिन्ह म्हणून पाहिला होता. बसायला तो इतका कठीण आहे, हे त्यांना आजच कळले.

आतून टीव्हीचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. सभ्य घराला शोभणारा आवाज जाड दारातून नुसता डास गुणगुणल्यासारखा ऐकू येतो. माईंनी दारातून रिमोट रोखून पाहिला. आवाज वाढवण्याचे बटण दाबले, मग जोराने दाबले, मग रिमोट दाराच्या फटीशी धरून दाबले. पणजोबांच्या काळी लाकडात कंजूषपणा करीत नसत. आवाज जिथल्या तिथे राहिला. आत नात म्हणाली, आजीकडे रिमोट आहे ना, आवाज वाढवता येत नाहीये, जवळ सरका. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. त्यात आरामखुर्चीचा करकर आवाज माईंनी अचूक ओळखला. खुर्ची कोणीतरी घेतली होती.

मग त्यांना सुचले. पुढच्या खोलीत जुना टेलिफोन अजून होता. त्या पुन्हा स्वयंपाकघरात गेल्या, दुधाकडे न पाहताच पिंप उघडले, गोधडी उलगडली, डब्याचे झाकण उलथन्याने उचकटले, पीठ झटकून स्वतःचा फोन शोधला आणि घरातून घरातच फोन लावला. आत घंटा वाजली. कोणीतरी उचलला.

"सूनबाई, नीट ऐक," माई म्हणाल्या.

"नमस्कार," एक मधाळ आवाज म्हणाला. "आपण रांगेत आहात. कृपया प्रतीक्षा करा."

फोन बंद झाला. पुन्हा लावला, तर व्यस्त. टेलिफोन केंद्रातली बाई रिसीव्हर काढून ठेवते तोही नेमक्या कोनात, म्हणजे चुकूनही घंटा वाजायची नाही.

बोळात परतताना माईंना आतून एक सामूहिक उसासा ऐकू आला. नंतर अण्णांचे "अरे बाप रे." अण्णा तीन शब्द एकदम बोलले म्हणजे प्रसंग तसाच असणार. माईंनी हाक मारून अण्णांना कुलूप खोलायला सांगितले. चाळीस वर्षे कुलुपे घडवली, एक उघडता येऊ नये? आतून अण्णांचे उत्तर आले, की हे पणजोबांचे कुलूप आहे, फोडायचे तर आधी भिंत पाडावी लागेल. त्या स्वरात काळजीपेक्षा अभिमान जास्त होता.

आता माईंपुढे एकच मार्ग उरला. मेख सांगायची.

त्या बाकावर बसून राहिल्या. तराजूच्या एका पारड्यात थोरल्या बाई होत्या, मधल्या बाई होत्या, गालावरच्या नक्षीसकट, धाकट्या बाई होत्या. मेख सांगितली म्हणजे किल्ली दिली. किल्ली दिली म्हणजे उद्यापासून भिंतीकडे तोंड करून आपण उभे राहायचे. दुसऱ्या पारड्यात कप्तान होते, तीस वर्षे दाराआड. आतून संगीताचा एक लांबलचक, थरथरता सूर आला, जसा काहीतरी उघडण्याच्या आधी येतो.

कप्तानांचे पारडे इतक्या झटकन खाली गेले, की माईंना थोरल्या बाईंची मनातल्या मनात क्षमा मागावी लागली. नाहीतरी सूनबाईला कधीतरी द्यायचीच होती, असे त्यांनी स्वतःला समजावले. सात-आठ वर्षांपूर्वीच द्यायला हवी होती, असेही कोणी म्हणाले असते. पण बोळात दुसरे कोणी नव्हते.

मेख मोठ्याने ओरडायची नसते. माईंनी गुडघ्यांना विश्वासात घेतले, भिंतीला धरून खाली बसल्या, मग कोपरावर टेकल्या, आणि शेवटी ते भारदस्त शरीर बोळातल्या गार फरशीवर आडवे झाले. तोंड दाराखालच्या फटीशी नेऊन त्यांनी सूनबाईला, एकटीलाच, जवळ बोलावले. पलीकडे पावले आली. कोणीतरी खाली बसले. सूनबाईंच्या हाताला लावलेल्या क्रीमचा वास फटीतून आला.

"सूनबाई, कान इकडे कर. धाकट्या बाईंनी मला सांगितलं, ते मी तुला सांगते. आजपासून तू."

"माई, तुम्ही खाली झोपलात का? फरशी गार आहे."

"फरशीचं राहू दे. किल्ली आधी उलटी, अर्धी. मग दार वर उचल. मग डावा गुडघा खालच्या फळीला, आणि किल्ली सुलटी, पूर्ण. कळलं?"

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज आला नाही. माईंना वाटले, पोरीला गहिवरून आले असणार. प्रसंगच तसा होता.

"माई," सूनबाई अगदी हळू म्हणाल्या, "गुडघ्याऐवजी पायाचा अंगठा लावला तरी चालतं. आवाज होत नाही."

फरशी खरोखरच गार होती.

माईंनी विचारले, हे तुला कोणी सांगितले. सूनबाईंनी कबूल केले, की अण्णांनी. कुलपाला दर महिन्याला तेल घालावे लागते, आणि माई आंघोळीला गेल्या की किल्ली खुंटीवरच असते. आतून नात म्हणाली, की तिला तर तिसरीत असल्यापासून येते. अण्णा खाकरले आणि म्हणाले, कुलूप आमच्या पणजोबांनी केलंय. वन्सं म्हणाल्या, मला आईने फ्रॉकमध्ये असतानाच शिकवलं होतं. या खोलीतल्या कपाटातला खाऊ मीच तर काढून द्यायचे तिला.

"मग भिंतीकडे तोंड करून का उभे राहता सगळे?" माईंनी फटीतून विचारले.

"तुम्हाला बरं वाटतं म्हणून," सूनबाई म्हणाल्या.

यावर काय बोलावे, हे थोरल्या बाईंपासून कोणीच सांगून ठेवले नव्हते. माईंनी जे हाताशी होते ते बोलून टाकले.

"येतं ना सगळ्यांना? मग उघडा दार."

सूनबाई उठून बाजूला झाल्या. आणि वरून, आरामखुर्चीच्या दिशेने, उत्तर आले.

"किल्ली माझ्याकडे आहे," वन्सं म्हणाल्या.

त्या घरात जन्मलेल्या मुलीच्या हाती ती किल्ली कधीच आली नव्हती. ती सुनांची. वन्सांनी ते वाक्य लहानपणापासून ऐकले होते, पण म्हणायला मिळाले ते आजच, आणि त्यांनी ते असे म्हटले, की माईंनाही फरशीवरून मनात दाद द्यावी लागली. थोरल्या बाईंनी यापेक्षा बरे म्हटले नसेल.

"वन्सं, जाहिरात लागायची नाही. अखंड भाग आहे."

"ठाऊक आहे, वहिनी. महिनाभर तुम्हीच सांगताय."

पुढचा सारा वेळ माई फटीशीच होत्या. पुन्हा उठण्याइतकी घाई आता उरली नव्हती. फटीतून त्यांना टीव्हीचा निळा उजेड फरशीवर हलताना दिसला. एकदा तो एकदम पांढरा झाला, आणि आतल्या चौघांनी टाळ्या वाजवल्या. दार उघडले होते. कोणी उघडले, आतून की बाहेरून, ते फटीतून दिसत नव्हते. फटीतून फक्त वन्सांच्या चपला दिसत होत्या, आणि त्या आनंदाने एकमेकींवर आपटत होत्या.

समाप्तीचे संगीत वाजले. माई भिंतीला धरून उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, केसांतले पीठ झटकले आणि बाकाशेजारी अशा उभ्या राहिल्या, जणू त्या आत्ताच फेरफटका मारून येत आहेत. कुलूप उघडले. खरेच, अंगठ्याने आवाज होत नव्हता.

दारात वन्सं होत्या. त्यांच्या मागे अण्णा, सूनबाई आणि नात शिस्तीत भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिघांचेही खांदे हलत होते.

वन्सांनी किल्ली माईंच्या तळहातावर ठेवली. माईंनी ती कमरेला अडकवली नाही; सूनबाईंना हाक मारून त्यांच्या हातात दिली. दिलेला शब्द दाराखालून दिला म्हणून खोटा ठरत नाही. सूनबाईंनी वाकून ती घेतली, आणि जाता जाता माईंच्या कोपराची धूळ झटकली.

मग माईंनी वन्सांकडे पाहिले. "कप्तानांचं काय झालं? कोणी उघडलं दार?"

"पुढच्या आठवड्यात मागचं दाखवतीलच," वन्सं म्हणाल्या.

माईंनी मान हलवली. रास्त होते. शब्दही तेच, जागाही तीच. वन्सं चपला सारख्या करून बोळात आल्या आणि थबकल्या. त्यांनी नाक जरा वर केले. स्वयंपाकघरातून करपट वास येत होता.

"दूध उतू गेलं वाटतं."

"गेलं," माई म्हणाल्या.

"मग सगळं फिटलं, वहिनी."